फ्रँकलिन रस्त्यावरची भट्टी

न्यूयॉर्कला पाहुणे आले की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. एक दिवस स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याला, एक दिवस एम्पायर स्टेट बिल्डिंगला, आणि पाहुण्यांना चित्रांची थोडी आवड असेल तर मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये एक धावता फेरा. त्यातही सर्वांत जास्त वेळ इजिप्तच्या ममींपाशी जातो. आधुनिक कलेच्या संग्रहालयात नेलेच, तर तिसऱ्या दालनापर्यंत कुणीतरी "असलं तर आमचा बंड्याही काढील" असे म्हणतो, सगळे हसतात आणि कॉफी शोधू लागतात. यात वाईट काही नाही. पण या फेरीत आपल्याला कला दिसते ती शिजून, ताटात वाढून, वर कोथिंबीर पेरून ठेवलेली. ती जिथे शिजते, कधी करपते, कधी उतू जाते, तो मुदपाकखाना आपल्या पाहण्यात येत नाही.

अशाच एका मुदपाकखान्याविषयी हा लेख आहे. त्याचे नाव फ्रँकलिन फर्नेस. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडे ट्रायबेका नावाचा भाग आहे, तिथे ११२, फ्रँकलिन स्ट्रीट या पत्त्यावर ही लहानशी, कुणा धनिकाच्या मालकीची नसलेली कलागॅलरी १९७६ ते १९९७ अशी सुमारे एकवीस वर्षे नांदली. वर चित्रे आणि पुस्तके, खाली तळघरात प्रयोग. त्या प्रयोगांना नाटक म्हणावे तर संहिता नाही, नाच म्हणावा तर ताल नाही, कीर्तन म्हणावे तर देव नाही! इंग्रजीत त्याला परफॉर्मन्स आर्ट म्हणतात. मराठीत अजून रुळलेला शब्द नाही, म्हणून मी सरळ 'प्रयोग' म्हणेन.

मार्था विल्सन ही या जागेची संस्थापिका. जन्म १९४७चा, फिलाडेल्फियातला. कॅनडात हॅलिफॅक्सला शिकून, तिथल्या कलाविद्यालयात शिकवून ती १९७४ मध्ये न्यूयॉर्कला आली, आणि ३ एप्रिल १९७६ रोजी राहत्या इमारतीच्या रस्त्याकडेच्या गाळ्यात तिने फ्रँकलिन फर्नेस सुरू केले. ते वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते. ट्रायबेकातल्या गुदामांतून आणि छोट्या कारखान्यांतून धंदा निघून गेला होता आणि मोकळ्या पडलेल्या मजल्यांवर कलावंत स्वस्त भाड्याने राहत होते. आज तोच भाग शहरातल्या सर्वांत महाग वस्त्यांपैकी एक आहे. स्वतंत्र गॅलरीचा इतिहास लिहिताना आपण प्रतिभेविषयी बोलतो, पण तो निम्म्याहून अधिक भाड्याचा इतिहास असतो. मुंबईच्या गिरणगावाची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मार्थाचा मूळ हेतू प्रयोग करण्याचा नव्हताच, तो होता पुस्तकांचा. त्या काळात अनेक चित्रकार स्वतःची पुस्तके काढत होते. म्हणजे चित्रांचे अल्बम नव्हेत. पुस्तक हीच कलाकृती, पाचदहा डॉलरला मिळणारी, झेरॉक्सवर किंवा स्वस्त छपाईवर काढलेली. मोठी संग्रहालये ती विचारात घेत नव्हती, आणि पुस्तकांच्या दुकानांना ती कुठल्या फळीवर ठेवावी हे कळत नव्हते. मार्थाने ती जमवायला आणि दाखवायला सुरुवात केली. त्याच वर्षी प्रिंटेड मॅटर ही दुसरी संस्था निघाली होती. तेव्हा दोघांनी कामे वाटून घेतली: प्रकाशन आणि विक्री त्यांनी करायची, जतन आणि प्रदर्शन हिने. आपल्याकडे साठच्या दशकात मुंबईत लघुअनियतकालिकांची लाट आली होती, तिची इथे आठवण येते. अशोक शहाणे यांचे 'असो' काय किंवा इतर चक्रमुद्रित अंक काय, मागची भूक तीच होती. मोठ्या दारातून प्रवेश नाही, तर आपणच एक खिडकी पाडू.

आणि खिडकी इथे शब्दशः होती. गाळ्याच्या रस्त्याकडील काचेत १९७८ मध्ये जेनी होल्झर या तरुण चित्रकर्तीने आपली 'ट्रूइझम्स' मांडली. एकओळी वाक्ये, सुविचारासारखी दिसणारी, पण एक वाक्य दुसऱ्याला खोटे पाडणारे. शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारांवर वाढलेल्या आपल्या पिढीला यातली गंमत चटकन कळावी. सुविचार अधिकारवाणीने बोलतो, म्हणून आपण त्याला प्रश्न विचारत नाही. होल्झरने ती अधिकारवाणीच भिंगाखाली धरली. १९८२ मध्ये तिची वाक्ये टाइम्स स्क्वेअरच्या दिव्यांच्या फलकावर झळकली, १९८९ मध्ये गुगेनहाइम म्युझियमच्या चक्राकार मार्गावर फिरली आणि १९९० मध्ये तिने व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात अमेरिकेचे प्रतिनिधित्व केले. गुगेनहाइमला जाणाऱ्यांनी ती तिथे पाहिली. फ्रँकलिन स्ट्रीटवरून सकाळी कामाला जाणाऱ्यांनी ती अकरा वर्षे आधी, तिकीट न काढता पाहिली होती.

पुस्तके आली तशी वाचनेही आली. पुस्तक काढणाऱ्याला बोलवायचे आणि त्यातले चार उतारे वाचायला सांगायचे, एवढी साधी कल्पना. पण चित्रकार नुसते वाचायला उभे राहीनात. कुणी खास वेष करून येई, कुणी स्वतःचा दिवा घेऊन येई. शब्दांइतकेच उभे राहणे, कपडे, उजेड, शांतता हेही महत्त्वाचे झाले. अशा रीतीने, कुणी ठराव न करता, वाचनाचा प्रयोग झाला. आपल्या कीर्तनकाराला हे सारे आधीपासून माहीत आहे. उपरणे खांद्यावरून कमरेला बांधले की अख्यान सुरू झाले, हे श्रोत्यांना सांगावे लागत नाही.

या जागेत झालेल्या प्रयोगांतला एक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ८ एप्रिल १९८२ रोजी आना मेंदिएता हिने तो केला, आणि त्याचे नाव 'बॉडी ट्रॅक्स', म्हणजे शरीराच्या खुणा. भिंतीवर मोठे पांढरे कागद लावलेले. क्युबातल्या ढोलांचे संगीत सुरू. आना येते, रक्त आणि रंग यांच्या मिश्रणात दोन्ही हात बुडवते, कागदाकडे तोंड करून हात डोक्यावर उंच टेकवते आणि अंगाचा भार टाकत हळूहळू खाली घसरत जाते, गुडघे टेकेपर्यंत. मग पुढचा कागद. असे तीनदा, आणि ती निघून जाते. काही मिनिटांचा खेळ. मागे उरतात दोन लाल पट्टे, वर फाकलेले, खाली जवळ आलेले. कुणाला त्यात झाड दिसते, कुणाला घसरणारा माणूस.

हे 'बंड्याही करील' या जातीचे आहे का? हातांचे ठसे उमटवणे बंड्याला येईलच, नव्हे, दिवाळीत रांगोळीच्या रंगांनी तो ते करतोच. पण कोण उमटवते आहे ते पाहू या. आना मेंदिएताचा जन्म १९४८चा, हवानातला. १९६१ मध्ये, बाराव्या वर्षी, तिला आणि तिच्या बहिणीला आईवडिलांनी विमानात बसवून अमेरिकेत धाडले. क्युबातून तशी हजारो मुले एकटी पाठवली गेली. या दोघी बहिणी पोहोचल्या आयोवात, अनाथाश्रमात आणि परक्यांच्या घरी. आई भेटली ती १९६६ मध्ये. हे माहीत झाले की भिंतीवरचा हात नुसता हात राहत नाही. ज्याला धरायला काही नाही त्याचा तो हात आहे. भिंत त्याला थांबवत नाही. फक्त तो घसरला याची नोंद ठेवते.

आपण इथे स्वेच्छेने आलो, शिक्षणाच्या आणि नोकरीच्या बळावर आलो. आनाचे दुःख आपले आहे असे म्हणणे उसनेपणाचे होईल. तरीही मराठी घरात वाढलेल्या माणसाला दारावरच्या हळदीकुंकवाच्या हातांचे ठसे ठाऊक असतात. त्यांचा अर्थ 'मी या घरची' असा असतो. आनाने तीच खूण उलटी केली. घर नसलेल्या बाईने, भाड्याच्या तळघरात, काढून नेता येईल अशा कागदावर उमटवलेले ते ठसे आहेत. ते कागद पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रँडाइस विद्यापीठाच्या रोझ आर्ट म्युझियममध्ये गेले. आना मात्र १९८५ मध्ये, छत्तीस वर्षांची असताना, न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतीवरून पडून मरण पावली.

आनाचे नाव आपल्याशी आणखी एका धाग्याने जोडलेले आहे आणि तो आपल्या लोकांना फारसा ठाऊक नाही. सोहोमध्ये ए.आय.आर. नावाची स्त्री-चित्रकारांनी १९७२ मध्ये सहकारी तत्त्वावर काढलेली गॅलरी होती. तिथे सप्टेंबर १९८० मध्ये आना, काझुको मियामोटो आणि झरीना या तिघींनी मिळून अमेरिकेतील तिसऱ्या जगातल्या स्त्री-चित्रकारांचे प्रदर्शन भरवले. या झरीना म्हणजे अलीगढला १९३७ मध्ये जन्मलेल्या झरीना हाश्मी. अलीगढ विद्यापीठाच्या गणिताच्या पदवीधर, पुढे पॅरिस आणि टोकियोत मुद्राचित्रण शिकलेल्या, न्यूयॉर्कमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या. २०२० मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. प्रदर्शनाच्या प्रास्ताविकात आनाने स्पष्टच लिहिले, की अमेरिकेतली स्त्रीवादी चळवळ ही मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गाची आहे. म्हणजे पुरुषांनी दार लावले म्हणून बायकांनी वेगळी खोली बांधली, आणि त्या खोलीतही काहीजणींना कोपऱ्यातच जागा मिळाली. लहान संस्थेचे मोठेपण असे, की ही तक्रार तिने आपल्याच भिंतीवर टांगू दिली.

ट्रायबेकातच, हडसन स्ट्रीटवर, त्याच सुमारास एक तैवानी तरुण राहत होता. त्याचे नाव तेचिंग शिए. १९७४ मध्ये तो खलाशी म्हणून आला, बोट सोडून पळाला आणि चौदा वर्षे कागदपत्रांशिवाय राहिला. ११ एप्रिल १९८० पासून वर्षभर त्याने आपल्या खोलीत एकच गोष्ट केली. कारखान्यात असते तसे हजेरीचे घड्याळ बसवले आणि दिवसरात्र, दर तासाला, त्यात कार्ड घातले. वर्षाचे तास ८,७६०. त्यांपैकी १३३ वेळा तो चुकला, बहुतेक वेळा झोप लागल्याने. प्रत्येक वेळी एक छायाचित्र. सुरुवातीला डोके तुळतुळीत केलेले, म्हणून सहा मिनिटांच्या चित्रफितीत केस खांद्यापर्यंत वाढत जाताना दिसतात. आपल्यापैकी ज्यांनी व्हिसाच्या काळजीने सुट्टी न घेता वर्षे काढली, मध्यरात्री बीपर वाजला म्हणून उठले, त्यांना या कलाकृतीचा अर्थ समजावून सांगायला समीक्षक लागणार नाही. तो माणूस काहीच निर्माण करत नाही. फक्त हजर राहतो.

हा प्रयोग फ्रँकलिन फर्नेसमधला नव्हे, शेजारचा. पण तो मी मुद्दाम आणला, कारण तो कसोटी म्हणून उपयोगी पडतो. या प्रकारातले पुष्कळसे प्रयोग सामान्य असतात, काही तर असह्य, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आरडाओरडा म्हणजे बंड, नग्नता म्हणजे धैर्य आणि दुर्बोधता म्हणजे खोली, असे समजणाऱ्यांची इथे कधीच वाण नव्हती. मग खरे आणि पोकळ ओळखायचे कसे? मी दोन प्रश्न विचारतो. कलावंताने स्वतःवर काही नियम घातला आहे का, आणि तो कठीण झाल्यावरही पाळला का? आणि ही गोष्ट चित्र काढून किंवा लेख लिहून सांगता आली असती, की त्या माणसाचे तिथे असणे अटळ होते? शिए दोन्ही प्रश्नांना उतरतो. आना उतरते. होल्झर दुसऱ्या प्रश्नाला उतरत नाही. तिची वाक्ये कुठेही लावता येतात आणि म्हणूनच ती पुढे सर्वत्र लागली. मला तिचे काम हुशार वाटते, पण आनाच्या कागदांपुढे ते थंड आहे.

स्वतः मार्थाने केलेले प्रयोगही याच तराजूत घालावे लागतात. १९७८ मध्ये तिने काही मैत्रिणींबरोबर एक बँड काढला. त्यांपैकी कुणालाही वाद्य वाजवता येत नव्हते! पुढे नॅन्सी रेगन, बार्बरा बुश अशा राष्ट्राध्यक्षपत्नींची सोंगे घेऊन ती भाषणे करी. हे आपल्या बहुरूप्याच्या आणि तमाशातल्या वगाच्या जवळचे आहे, आणि त्याची मर्यादाही तीच: खुर्चीवरचा माणूस बदलला की विनोद शिळा होतो.

आता १९९०. त्या मे महिन्यात गॅलरीत कॅरन फिनली हिचे, स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीवरचे प्रदर्शन चालू होते. ही बाई आधीच गाजत होती, कारण आपल्या एका प्रयोगात ती अंगाला चॉकलेट फासून घेई. बाईला घाणीसारखे वागवले जाते, एवढे सांगण्यासाठी. वर्तमानपत्रांनी चॉकलेट उचलले, वाक्य सोडून दिले. त्याच महिन्यात, इथे बेकायदा क्लब चालतो अशी कुणीतरी निनावी खबर दिली, अग्निशामक दलाचे लोक आले आणि तळघर बंद झाले. तळघरात गर्दी जमवायची तर आग लागल्यावर बाहेर कसे पडायचे, हा प्रश्न खराच आहे, तो थट्टेवारी नेता येणार नाही. पण तक्रार नेमकी तेव्हाच यावी यालाही योगायोग म्हणवत नाही. पाठोपाठ २९ जूनला सरकारी कलानिधीच्या अध्यक्षांनी फिनली आणि आणखी तिघांची, तज्ज्ञांनी शिफारस केलेली अनुदाने नाकारली. चौघे कोर्टात गेले. १९९३ मध्ये तडजोड होऊन त्यांना पैसे मिळाले. मात्र अनुदान देताना सभ्यतेचा विचार करावा या कायद्यातल्या कलमाचा लढा पुढे चालू राहिला, आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी ते कलम वैध ठरवले.

'सखाराम बाइंडर'वरची बंदी आणि कमलाकर सारंगांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात लढवलेला खटला ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना वादाचा सूर ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, की सारंगांना सरकारकडून प्रयोगाची परवानगी हवी होती, फिनलीला पैसा. फिनलीला तिचा प्रयोग करण्यापासून कुणी रोखले नाही. करदात्याच्या पैशातून काय व्हावे याबद्दल करदात्याने बोलू नये, असे मी म्हणणार नाही. आपण सारेच कर भरतो. पण 'सभ्यता' ही मोजपट्टी कुणाच्या हातात द्यायची हे ठरवताना आपण जरा सावध असावे. या देशात आपलेही वास, आपले आवाज, आपले देव एखाद्या शेजाऱ्याला असभ्य वाटू शकतात.

तळघर गेल्यावर फ्रँकलिन फर्नेसचे प्रयोग जडसन चर्चसारख्या ठिकाणी, इतरांच्या छपराखाली झाले. १९९३ मध्ये पुस्तकांचा संग्रह, १३,०००हून अधिक वस्तू, आधुनिक कलेच्या संग्रहालयाने घेतला. ज्यांना एके काळी ती पुस्तके कुठल्या कपाटात ठेवावी हे कळत नव्हते, त्यांच्याच कपाटात ती गेली. १९९७ मध्ये मार्थाने गाळ्याचा निरोप घेतला आणि संस्था इंटरनेटवर नेली. २०१४ मध्ये ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटने तिला जागा दिली. व्यवहार म्हणून हे शहाणपणाचे होते. दप्तर वाचले, नाव वाचले, नव्या कलावंतांना पैसेही मिळत राहिले. तरीही एक गोष्ट गेली. दहा फुटांवर बसून, धाप लागलेली ऐकू येते अशा अंतरावर, अनोळखी माणसाचे धाडस पाहायची ती जागा गेली. पडद्यावर प्रयोग पाहणारा मध्येच उठून फोन घेतो. तळघरात तसे उठायची लाज वाटते, आणि त्या लाजेतच निम्मे पाहणे असते.

दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल असाच होता. १९७४ पासून 'आविष्कार'ने, अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी, तिथे प्रायोगिक नाटकांना घर दिले. बाके, खाली रस्त्याचा गोंगाट, रंगमंच जवळजवळ नाहीच. पडलेली नाटके तिथे उभ्या राहिलेल्या नाटकांपेक्षा संख्येने कमी नसतील. पण पडायला जागा होती म्हणून काही उभी राहिली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तोही हॉल सुटला.

आपल्या मंडळांचे काय? आपण मोठे प्रेक्षागृह घेतो, मुंबईपुण्याहून नावाजलेला संच बोलावतो, खर्च निघावा म्हणून सर्वांना चालेल तेच ठेवतो. त्यात चूक नाही. गावापासून इतक्या दूर एखादी संध्याकाळ ओळखीच्या गाण्यांत जावी ही भूक खरी आहे. मात्र आपल्याच घरांत एव्हाना अशी मुले आहेत जी चित्रे काढतात, व्हिडिओ करतात, मोडक्या मराठीत काहीतरी सांगू पाहतात, आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे गणेशोत्सवातल्या पाच मिनिटांखेरीज जागा नाही. तिथेही आजीला आवडेल असेच करायचे असते.

फ्रँकलिन फर्नेसने १९८५ मध्ये प्रयोगांसाठी एक निधी सुरू केला. त्याची रीत उचलण्याजोगी आहे. पैसे कुणाला द्यायचे ते संचालक ठरवत नाहीत. कलावंतांची समिती ठरवते, आणि ती दरवर्षी बदलते. आपल्या मंडळाच्या वार्षिक अंदाजपत्रकात सभागृहाच्या भाड्याचा विसावा हिस्सा असा बाजूला काढता येईल. जागा म्हणून कुणाचेही बेसमेंट चालेल. उपनगरात ती काही कमी नाहीत, आणि बाहेर पडायचे दुसरे दार आहे ना, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे. तीस खुर्च्या, चहा, आणि निवडसमितीत पस्तिशीच्या वरचे कुणी नको. पहिले दोनतीन प्रयोग बहुधा फसतील. ते पाहायला जाणारे तीस जण मंडळात मिळतात का, एवढा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेत विचारावा.